अंगावरून पांढरं जाणं, योनीतले जंतू आणि कॅन्सरची भीती

प्रश्न एका ताईंचा आहे. वय ३८, दोन मुलं, मोठी मुलगी तेरा वर्षांची. वर्षभरात चार वेळा अंगावरून पांढरं गेलं. वास येतो, खाज नाही. औषध घेतलं की पंधरा दिवस बरं, मग पुन्हा तेच. मध्यंतरी तपासणीत एचपीव्ही पॉझिटिव्ह आला (१६ आणि १८ हे प्रकार नाहीत, 'इतर हाय-रिस्क' असं लिहिलंय), पॅप म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी नॉर्मल. नंतर एका लॅबकडून योनीची मायक्रोबायोम टेस्ट, म्हणजे तिथल्या सगळ्या जंतूंची मोजदाद, करून घेतली. त्यात लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू अगदी कमी, 'डिस्बायोसिस' (जंतूंचा समतोल बिघडलेला) असा शेरा आणि सोबत तीन महिन्यांच्या प्रोबायोटिक म्हणजे चांगल्या जंतूंच्या कॅप्सूलची शिफारस. जाऊबाई म्हणतात, कशाला जीवाला घोर, पिशवीच काढून टाक. ताई विचारतात: हे जंतू कॅन्सर करतात का, आणि मी आता नेमकं काय करू?

ताई, पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही या विषाणूमुळे. योनीतले जंतू तो करत नाहीत. मात्र हा विषाणू अंगात ठाण मांडून बसणार की शरीर त्याला हुसकावून लावणार, यात त्या जंतूंचा हात असावा असं गेल्या दहा-पंधरा वर्षांच्या संशोधनातून दिसतंय. म्हणून तुमच्या हातातल्या कागदांपैकी एचपीव्हीचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. मायक्रोबायोमचा रिपोर्ट त्यानंतर. आणि पिशवी काढावी असं यातल्या एकाही कागदात काही नाही. आता सविस्तर सांगते.

मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करतेय, त्यातली बरीचशी मराठवाड्यात. तपासणीच्या खोलीत माझ्याकडे एक साधा मायक्रोस्कोप आणि पीएच म्हणजे आंबटपणा मोजणाऱ्या कागदी पट्ट्यांची डबी असते. योनीच्या बाजूच्या भिंतीवरचा स्राव पट्टीला लावला की निरोगी बाईत ती पिवळी राहते, म्हणजे पीएच साडेचारच्या आत. तुमच्यासारख्या तक्रारीत तीच पट्टी बघता बघता हिरवट होते. मग थेंबभर स्राव काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की मासळीसारखा वास खोलीभर येतो. दुसऱ्या काचेवर सलाइन टाकून भिंगाखाली बघायचं. निरोगी स्रावात योनीच्या पेशी पापुद्र्यांसारख्या दिसतात, कडा स्वच्छ, आजूबाजूला लांबट काड्यांसारखे जंतू. बिघडलेल्या स्रावात त्या काड्या जवळजवळ नाहीशा होतात आणि पेशीवर बारीक ठिपक्यांचा असा थर बसतो की तिची कडाच दिसेनाशी होते. या पेशींना आम्ही 'क्लू सेल' म्हणतो. आजाराचं नाव बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे बीव्ही. ही सगळी तपासणी पाच मिनिटांची आहे. तुमच्या चारही वेळांपैकी एकदा तरी ती कुणी केली का, हे मला आधी विचारायचंय. कारण आपल्याकडे पांढरं जातंय म्हटलं की न तपासता एक दिवसाचं 'किट' हातात पडतं: बुरशीची एक गोळी, एक अँटिबायोटिक आणि सेक्निडॅझोल. त्यातलं निम्मं औषध बहुतेक वेळा नको असतं, आणि जे हवं असतं ते बीव्हीला एका दिवसात पुरेसं लागू पडेलच असं नाही.

त्या लांबट काड्या म्हणजे लॅक्टोबॅसिलस. १८९२ साली अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत त्यांना डोडरलाइनचे बॅसिलाय म्हणतात. दुधाचं दही करणारे जंतू याच मोठ्या गोतावळ्यातले. वयात आल्यावर इस्ट्रोजेनमुळे योनीच्या पेशींत ग्लायकोजेन साठतं. पेशी गळतात, ग्लायकोजेनचे तुकडे होऊन साखर सुटते, जंतू ती खातात आणि लॅक्टिक ॲसिड करतात. दुधाला विरजण लागावं तसं हे आत अहोरात्र चालू असतं. त्या आंबटपणात बाकीच्या जंतूंना वाढता येत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, ग्लायकोजेन घटतं आणि हे जंतूही कमी होतात. तेव्हा त्यात आजार काही नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

२०११ मध्ये अमेरिकेत जॅक रावेल यांच्या गटाने ३९६ निरोगी बायकांच्या योनीतले जंतू डीएनएवरून तपासले आणि त्यांचे पाच प्रकार पाडले. चार प्रकारांत एखाद्या लॅक्टोबॅसिलसचं राज्य: क्रिस्पॅटस, गॅसेरी, इनर्स, जेन्सेनी. पाचव्यात कुणा एकाचं राज्य नाही. ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या नाना जंतूंची गर्दी, गार्डनरेला, प्रिव्होटेला वगैरे. माझ्या दृष्टीने त्या अभ्यासातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की या पाचव्या प्रकारातल्या बायकांनाही काही तक्रार नव्हती. गोऱ्या बायकांत तो दहातल्या एकीकडे, आशियाई वंशाच्या बायकांत पाचातल्या एकीकडे आणि कृष्णवर्णीय बायकांत दहातल्या चौघींकडे सापडला. म्हणजे नुसतं 'लॅक्टोबॅसिलस कमी' एवढ्यावरून बाई आजारी ठरत नाही. तुमच्या रिपोर्टवरचा 'डिस्बायोसिस' हा शब्द निदान नाही, ते एक वर्णन आहे.

आता एचपीव्ही. १९८३ मध्ये हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमधून एचपीव्ही १६ वेगळा काढला, पुढच्या वर्षी १८. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे दोन प्रकार मिळून या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के केसेसना कारणीभूत असतात. तुमच्यात ते दोन्ही नाहीत. दुसरं, एचपीव्ही होणं ही फार सर्रास गोष्ट आहे, आणि दहापैकी नऊ जणींत तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. कॅन्सरकडे वाट जाते ती उरलेल्यांपैकी काहींची, आणि तीही बहुधा दहा-वीस वर्षांनी. (तो कुणाकडून आला, हा प्रश्न घरात काढू नका. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. आज सापडला म्हणजे आज लागला असं नसतं. या एका रिपोर्टवरून मोडायला आलेले संसार मी पाहिले आहेत.)

मग नऊ जणींत जातो आणि दहावीत राहतो, हे का? प्रतिकारशक्ती, धूम्रपान, एचआयव्ही ही कारणं जुनीच माहीत आहेत. त्यांच्या जोडीला आता जंतूंचं नाव आलंय. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की पिशवीच्या तोंडावरच्या पेशींतला कॅन्सरपूर्व बदल जसजसा गंभीर, तसतसे लॅक्टोबॅसिलस कमी आणि इतर जंतूंची गर्दी जास्त. नंतर २०२० मध्ये त्यांनी सीआयएन-२ म्हणजे मधल्या पायरीचा बदल असलेल्या तरुण मुलींवर शस्त्रक्रिया न करता दोन वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांच्यात लॅक्टोबॅसिलसचं राज्य होतं त्यांच्यात तो बदल पहिल्या वर्षातच मागे फिरण्याचं प्रमाण जास्त निघालं.

असं का होत असावं, याची उत्तरं बरीचशी पटण्यासारखी आहेत. योनी आणि गर्भाशयमुखावर, म्हणजे पिशवीच्या तोंडावर, चिकट श्लेष्माचा थर असतो. आंबट वातावरणात तो दाट राहतो आणि विषाणूला अडवतो. बीव्हीतल्या जंतूंकडे सियालिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते हा थर कुरतडतं. खालच्या पेशी उघड्या पडतात, सूज आणणारी रसायनं वाढतात, आणि ही बारीक सूज महिनोन्महिने राहिली तर विषाणूला आयतं घर मिळतं. लॅक्टोबॅसिलसमध्येही सगळे सारखे नाहीत. क्रिस्पॅटस लॅक्टिक ॲसिडची डी आणि एल अशी दोन्ही रूपं तयार करतो. इनर्स फक्त एल करतो, आणि परिस्थिती बदलली की दुसऱ्या बाजूला सरकायला त्याला वेळ लागत नाही. नुसत्या 'लॅक्टोबॅसिलस अमुक टक्के' या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही तो यामुळे. कोणता लॅक्टोबॅसिलस, हे विचारलंच पाहिजे.

पण इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण जाहिरातींत ती कधीच येत नाही. जंतू बिघडले म्हणून विषाणू टिकला, की विषाणू टिकला म्हणून जंतू बिघडले? दुसऱ्या दिशेचाही पुरावा आहे. एचपीव्ही लागलेल्या पेशी स्वतःच्या संरक्षणासाठीची काही प्रथिनं कमी बनवतात, आणि लॅक्टोबॅसिलसची गुजराण काही अंशी त्याच प्रथिनांच्या तुकड्यांवर होत असते. म्हणजे विषाणू त्यांच्या तोंडचा घास काढतो. मला वाटतं दोन्ही गोष्टी घडत असाव्यात, एक दुसरीला ओढत. म्हणून जंतू सुधारले की एचपीव्ही जाईल आणि कॅन्सर टळेल, असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. प्रोबायोटिक घेतल्याने गर्भाशयमुखाचा कॅन्सर टळल्याचं आजवर कुठल्याही अभ्यासात सिद्ध झालेलं नाही.

पिशवीच्या अस्तराच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण रिपोर्टवर त्यांचीही नावं छापलेली आहेत म्हणून थोडक्यात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एका छोट्या अभ्यासात अस्तराचा कॅन्सर असलेल्या बायकांत ॲटोपोबियम आणि पोर्फिरोमोनास हे दोन जंतू, जोडीला वाढलेला पीएच, असं चित्र दिसलं. पण हा कॅन्सर मुख्यतः पाळी गेलेल्या आणि वजन वाढलेल्या बायकांचा, आणि त्या वयात लॅक्टोबॅसिलस तसेही ओसरलेले असतात. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. तिथे आतड्यातल्या जंतूंचा धागाही आहे: यकृताने बांधून बाहेर टाकलेलं इस्ट्रोजेन काही जंतू पुन्हा सोडवतात आणि ते रक्तात परततं. कल्पना चांगली आहे, पण आज त्यावर उपचार उभा करता येत नाही. माझ्या ओपीडीत यातून निघणारा सल्ला एकच: वजन आणि साखर आटोक्यात ठेवा, आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात या. बीजकोशाबाबत २०१९ मध्ये युरोपातल्या अभ्यासात दिसलं की बीजकोशाचा कॅन्सर असलेल्या आणि बीआरसीए-१ हा जनुकदोष असलेल्या बायकांत, त्यातही पन्नाशीच्या आतल्या, लॅक्टोबॅसिलस कमी असण्याचं प्रमाण जास्त आहे. कारण काय, परिणाम काय, हे त्यावरून ठरत नाही.

या क्षेत्रात जपून चालायला हवं याचं एक मोठं उदाहरण आहे. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये एक निबंध आला की तेहतीस प्रकारच्या कॅन्सरमध्ये प्रत्येकाची जंतूंची स्वतंत्र खूण असते आणि ती रक्तातही सापडते. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने तोच डेटा तपासला. माणसाच्याच डीएनएचे तुकडे जंतूंचे म्हणून मोजले गेले होते, आकडेमोडीतही दोष होते. २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. एवढ्या मोठ्या ठिकाणी ही चूक होऊ शकते, तर घरपोच येणाऱ्या टेस्टच्या रिपोर्टकडे किती सावधपणे पाहायला हवं ते तुम्हीच ठरवा.

मला या सगळ्यात खरी आशा वाटते ती दुसऱ्या ठिकाणी. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की गर्भाशयमुखाच्या गाठीत इनर्स हा लॅक्टोबॅसिलस मुक्काम करून असेल तर केमो-रेडिएशनचा परिणाम कमी होतो; त्याचं लॅक्टिक ॲसिड कॅन्सरच्या पेशींची खाण्याची रीतच बदलतं. आपल्याकडे बाई येते तीच मुळी रेडिएशनच्या स्टेजला. तिच्या उपचारात उद्या जंतूंचा विचार करता आला तर तो मोठा लाभ असेल. आज तो उपचार हातात नाही.

बीव्हीच्या उपचारात मात्र दोन ठोस गोष्टी घडल्या आहेत, आणि त्या तुमच्या कामाच्या आहेत. एकदा बरा झालेला बीव्ही वर्षभरात निम्म्याहून जास्त बायकांत उलटतो. तेव्हा तुमच्या चार वेळा म्हणजे तुमचा काही निष्काळजीपणा नाही. अमेरिकेत २२८ बायकांवरच्या चाचणीत आधी मेट्रोनिडॅझोलचं जेल आणि मग क्रिस्पॅटसची पूड योनीतून दिली. बारा आठवड्यांत आजार ३० टक्के बायकांत उलटला, नुसत्या दिखाऊ औषधावर ठेवलेल्यांत ४५ टक्के. तो क्रिस्पॅटस मुद्दाम निवडलेला होता, योनीतूनच घेतलेला. तुम्हाला सुचवलेली कॅप्सूल तोंडाने घ्यायची आहे. तिच्यात कोणता जंतू आहे ते वाचा, क्रिस्पॅटस बहुधा नसेल. घरचं दही आवडीने खा, पण आत लावू नका. दह्यातले जंतू वेगळे, ते तिथे वस्ती करत नाहीत.

दुसरी गोष्ट २०२५ ची, ऑस्ट्रेलियातली. १६४ जोडप्यांत निम्म्या ठिकाणी फक्त बाईला औषध दिलं, निम्म्या ठिकाणी नवऱ्यालाही: सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लावायला क्लिंडामायसिनचं क्रीम. बाराच आठवड्यांत फक्त बाईला औषध दिलेल्या गटात ६३ टक्के जणींना पुन्हा त्रास झाला, दोघांना दिलेल्या गटात ३५ टक्के. वर्षानुवर्षं आम्ही बीव्हीत नवऱ्याला औषध देत नव्हतो. आता वारंवार उलटणाऱ्या बाईच्या मिस्टरांना मी बोलावते, समोर बसवून समजावते आणि दोघांना एकदम औषध देते. तुमच्या मिस्टरांनाही सोबत आणा. तेवढे दिवस संबंध नकोत, किंवा कंडोम वापरा. कंडोमचा फायदा एचपीव्हीलाही होतो. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत कंडोम वापरणाऱ्या जोडप्यांत गर्भाशयमुखावरचे बदल लवकर मागे फिरले होते. आतून साबण, जंतुनाशक किंवा वॉश घालून धुणं पूर्ण बंद करा. वास येतो म्हणून धुवायचं, धुतल्याने उरलेले लॅक्टोबॅसिलसही जायचे आणि वास वाढायचा, या फेऱ्यात किती तरी बायका अडकलेल्या असतात. तांबी बसवली असेल आणि तेव्हापासून हे सुरू झालं असेल तर तेही सांगा.

आता पिशवी काढण्याबद्दल. जाऊबाई वाईट बुद्धीने बोलत नसतील. त्यांनी आजूबाजूला तेच पाहिलं असेल. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या हे २०१९ मध्ये सगळ्या देशाने वाचलं, राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यातल्या कित्येक जणी माझ्यासमोर बसल्या आहेत. तक्रार काय होती म्हणून विचारलं तर उत्तर तेच: पांढरं जात होतं, कंबर दुखत होती, 'ठेवलीत तर कॅन्सर होईल' असं सांगितलं. तिशीतली बाई, पिशवीबरोबर बीजकोशही गेलेले, अंगातून वाफा निघतात, हाडं दुखतात, आणि पांढरं जाणं तरीही सुरूच. कारण बीव्हीचे जंतू राहतात योनीत, पिशवीत नव्हे. पिशवी काढल्यावर योनी तिथेच, जंतू तिथेच. एचपीव्ही योनीच्या भिंतीतही राहू शकतो. हे मला फार कळकळीने सांगायचंय: पांढऱ्या पाण्यासाठी पिशवी काढायची नसते.

या कॅन्सरपासून वाचवतं काय, याचं उत्तर याच भागातल्या बायकांनी जगाला दिलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायकांना घेऊन अभ्यास केला. २००९ मध्ये निकाल आला: आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट आणि गरजेनुसार उपचार, एवढ्यावर पुढारलेल्या स्टेजचे कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगभरातले डॉक्टर आज एचपीव्ही टेस्टबद्दल बोलताना त्या गावांतल्या बायकांचा दाखला देतात. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि पाऊण लाखाहून जास्त जणी त्याने जातात. त्यातल्या बहुतेकींची टेस्ट एकदाही झालेली नसते. तुमची झाली, वेळेत झाली.

तर तुम्ही असं करा. कॅप्सूल घेऊ नका, ते पैसे वाचवा. पाळी संपल्यावर आठ-दहा दिवसांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आधीचे दोन दिवस आत कुठलीही गोळी किंवा क्रीम ठेवू नका, आणि 'माझा पीएच बघा, स्राव मायक्रोस्कोपखाली बघा' असं स्पष्ट म्हणा. बीव्ही निघाला तर दोघांनीही पूर्ण सात दिवस औषध घ्या. १६-१८ नसताना आणि पॅप नॉर्मल असताना एचपीव्हीची टेस्ट वर्षाने पुन्हा करायची. ती पुन्हा पॉझिटिव्ह आली तर कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पिशवीचं तोंड बघणं. भूल लागत नाही, दहा-पंधरा मिनिटांत घरी. काही बदल दिसला तरी तेवढाच भाग थर्मल ॲब्लेशनने (उष्णता देऊन) जाळता येतो किंवा लूपने (तारेच्या फासाने) काढता येतो, पिशवी जागेवर राहते. मध्येच संबंधांनंतर रक्त आलं, किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसला, तर वर्षाची वाट बघू नका. मिश्री लावत असाल तर ती सोडा; तोंडाच्या कॅन्सरसाठी तरी सोडाच.

आणि मुलगी तेरा वर्षांची आहे म्हणालात. एचपीव्हीची लस घ्यायला हेच वय. पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची आपल्याकडची लसही आता मिळते. या वयात दोन डोसांचं वेळापत्रक असतं, आणि एका डोसनेही चांगलं संरक्षण मिळतं असं भारतातल्याच मुलींवरच्या दहा वर्षांच्या अभ्यासात दिसलंय. तुमच्या तपासणीला याल त्याच दिवशी तिला शाळेतून लवकर घेऊन या.